घोडीचं बाळंतपण रेसवाल्याच्या फार्मवर: 41 दिवसांचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येईलच.

आमचा धंदा वरातीच्या घोडीचा, दारव्हा तालुक्यात, बापाच्या काळापासून. आमची घोडी चांदणी, मारवाडी जातीची आहे, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. बँडचा पहिला ढोल वाजला की मान आपोआप वर. मागच्या चैत्रात फळवली. तिच्या आधीची घोडी आम्ही बाळंतपणातच गमावली. जार, म्हणजे वार, पडली नाही, तर घरात सगळे म्हणाले, पडेल उद्यापर्यंत, म्हशीचं नाही का पडत. तिसऱ्या दिवशी खुरं तापली, तिला उभं राहवेना, मग अंगात विष भिनलं. म्हणून या खेपेला कारंजा रोडवरून आत असलेल्या या फार्मवर ठेवली.

मालक रेसचे घोडे पाळतात, पैदासही स्वतःच करतात. त्यांचे घोडे हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीला पळतात, पावसाळ्यात पुण्याला. दोन तबेले रिकामे असले तर बाहेरच्या घोड्या बाळंतपणाला घेतात. दिवसाचे 450 रुपये, डॉक्टर वेगळा. अट एकच, घोडी महिनाभर आधी आणायची. मला वाटलं, बिल वाढवायचा धंदा आहे. तर म्हणाले, "भाऊ, शिंगराला पोटात असताना आईकडून काहीच ताकद मिळत नाही. जे मिळतं ते चिकातून. इथल्या मातीतले जंतू घोडीच्या अंगाला ओळखीचे झाले, तर त्याचा तोड चिकात उतरतो. त्याला वेळ लागतो." धनुर्वाताचं इंजेक्शनही त्याच दिवशी दिलं.

फाटकावरच दोन वस्तू अडल्या. पहिली, मी नेलेलं गोळी पेंडेचं पोतं, गाईंसाठी आणतो तेच. ते आत येऊ दिलं नाही. गाई-कोंबड्यांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते कोंबडीला चालतं, घोड्याचं काळीज बंद पाडतं. वीस वर्षं घोडी पाळून हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणाची घोडी "अचानक गेली" असं ऐकलं की आता आधी पोतं आठवतं.

दुसरी वस्तू आमचा काटेरी लगाम. मालकांनी तो माझ्या मुठीत दिला आणि दोरी ओढली. नुसती ओढली, हिसका नाही. तळहातावर चार ठिपके उमटले. "हा 1965 पासून कायद्यानं बंद आहे," म्हणाले आणि खुंटीला टांगून टाकला. बापाचा लगाम होता तो. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

राहण्याची सोय म्हणाल तर घोडीची उत्तम, माणसाची बेताची. तिला खाली गुडघाभर गव्हाचं काड, मला सिमेंटच्या ओट्यावर एक खाट आणि मच्छर.

होळीच्या चार दिवस आधी सडांवर मेणासारखे थेंब दिसले, म्हणजे वेळ जवळ आली. मी तिथंच ठाण मांडलं. रात्री तिथले घोडे सांभाळणारे सईस चाचा म्हणाले, "तुमी झोपा ना बाप्पा. तुमी पाहून रायले म्हणून ते थांबून हाय." मला थट्टा वाटली. पण खरंच, मी ओट्याच्या आड गेलो आणि 11 वाजून 40 मिनिटांनी पाणी फुटलं. पांढरी पिशवी दिसली तसे चाचांनी हात जोडले. लाल दिसली असती तर तिथल्या तिथं फाडावी लागते, नाहीतर शिंगरू आतच गुदमरतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. एक पाय पुढं, दुसरा वीतभर मागं, त्यावर नाक. कोणी ओढलं नाही, कोणी ओरडलं नाही. 22 मिनिटांत शिंगरू काडावर. मादी, कपाळावर चंद्रकोर.

नाळ तिची तीच तुटू दिली, मग बेंबी औषधाच्या वाटीत बुडवली. पाऊण तासात चार वेळा पडून पाचव्यांदा उभी राहिली. दीड तासात दूध. मी सारखा चांदणीच्या मागं बघत होतो, कशासाठी ते मालकांना न सांगता कळलं असावं. 1 वाजून 25 मिनिटांनी जार पडली.

इथं मी जे पाहिलं त्याचे वेगळे पैसे द्यायला तयार आहे. चाचांनी जार ओल्या फरशीवर पायजम्यासारखी पसरली, एक पाय जाड, एक बारीक. बारीक पायाचं टोक बोटांनी चाचपून चाचपून पाहिलं. "हे टोक आत राह्यलं ना, तं घोडी गेली." टोक शाबूत होतं. मी फरशीवरच बसलो.

आता कापलेला स्टार. शिंगरू झाल्यावर अकराव्या दिवशी घोडी न्यायला गेलो, तर म्हणाले तीन महिने वरात नाही. बाळंतपण फाल्गुनात, पुढं चैत्र-वैशाख, आमची कमाईच तेवढी. नऊ वराती ठरल्या होत्या, 5,000 ची एक. करा हिशेब. शिंगरू घरी बांधून आई डीजेसमोर नाचवायची नाही, हे मलाही कळतं, पण सांगणाऱ्याच्या चुलीला तिच्या पायाचा आधार नाही. मी तोंडावर विचारलं, तुमची रेसची शिंगरं तर दोन वर्षांची झाली की पळवतात ना? थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तिसऱ्याशिवाय पाठवत नाही. त्यासाठी ट्रेनर माझ्याशी भांडतात." आणि मागच्या कुंपणाकडं घेऊन गेले. तिथं कडुलिंबाखाली सात म्हातारे घोडे उभे होते. एकीच्या पाठीला खोल बाक, वय 24, दहा वर्षांत एक रुपया कमावलेला नाही. मालकांना बघून ती चालत आली आणि त्यांच्या खिशात नाक खुपसलं. खिशात गाजर होतं.

नऊतल्या सहा वराती मी दुसऱ्याची घोडी भाड्यानं आणून भागवल्या, तीन सोडल्या. बिल 18,450 आणि डॉक्टरचे 3,200. रोख द्या, तिथं रेंज नाही, फोन-पे चालत नाही. पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीचा आहे, टेम्पो फसतो.

जागा दोनच आहेत, तेव्हा घोडी फळवली की लगेच सांगून ठेवा. लगाम साधा न्या. आमचा अजून त्यांच्या खुंटीलाच आहे.