नवी मोटर बसवल्याचे सांगून माझ्याकडून ९,८५० रुपये उकळले

माझ्या छोट्या गाडीचा ब्लोअर, म्हणजे आत हवा फेकणारा पंखा, पहिल्या तीन वेगांवर बंद पडला होता आणि फक्त चौथ्यावर चालत होता. पावसात पुढच्या काचेवर वाफ धरत होती आणि दोन दिवसांनी वडिलांना भल्या पहाटे तपासणीसाठी न्यायचे होते. त्यामुळे चार ठिकाणी चौकशी न करता, ओळखीच्या माणसाने सुचवलेल्या गॅरेजमध्ये मी गाडी नेली. मी घाई केली हे खरे, पण गरजवंताची घाई हेच अशा लोकांचे भांडवल असते.

मेकॅनिकने बटण फिरवून पाहिले आणि "मोटर गेली आहे, डॅशबोर्ड खोलावा लागेल" असे सांगून टाकले. मी सावध व्हायला हवे होते ते याच क्षणी. त्याने स्वतःच्या हाताने बटण चारवर नेले, तेव्हा झोत इतका जोरात आला की डॅशबोर्डवरची पार्किंगची पावती उडून माझ्या मांडीवर पडली. गेलेली मोटर एवढी हवा कशी फेकेल? हा प्रश्न मला पडला होता आणि मी तो विचारलाही. "शेवटची घटका आहे साहेब, कधीही बंद पडेल," असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला अजूनही संताप येतो.

संध्याकाळी हातात कच्ची चिठ्ठी पडली: मोटर ५,२००, डॅशबोर्ड खोलण्याची मजुरी २,४००, एसीचा गॅस १,६५० आणि सफाई ६००. गॅस कमी असेल तर हवा थंड होणार नाही, पण पंख्याच्या वेगाशी गॅसचा काडीचाही संबंध नसतो, हे मला नंतर कळले. जुनी मोटर मागितली तेव्हा ती भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. काढलेला भाग हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

अकराव्या दिवशी गाडीत जळका वास आला आणि तेच तीन वेग पुन्हा बंद पडले. दुसऱ्या मेकॅनिकने डॅशबोर्डला हातही लावला नाही. त्याने ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि दहा मिनिटांत सगळा प्रकार माझ्यासमोर ठेवला. मोटर जुनीच होती. पंख्याच्या पात्यांत सुकलेल्या पानांचा चुरा आणि घट्ट बसलेली धूळ होती. बिघाड होता रेझिस्टरमध्ये, म्हणजे वीज कमी करून पंख्याचा वेग घटवणाऱ्या छोट्या भागात. माझ्यासारख्या साध्या बटणाच्या गाडीत कमी वेगांसाठी वीज या रेझिस्टरमधून जाते आणि सर्वांत मोठ्या वेगाला ती त्याला वगळून थेट मोटरला मिळते. म्हणून फक्त शेवटचाच वेग चालत असेल तर पहिला संशय रेझिस्टरवर घ्यावा, मोटरवर नव्हे. रेझिस्टर हवेच्या मार्गातच बसवलेला असतो, कारण ब्लोअरची हवाच त्याला थंड ठेवते. कचऱ्याने हवा अडली की तो तापतो आणि आगीचा धोका टाळण्यासाठी त्यावरचा थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) उडतो. पहिल्या मेकॅनिकने त्या उडालेल्या फ्यूजवर तांब्याची उघडी तार पिळून दिली होती. शेजारच्या प्लगचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले होते. याच गाडीत मागच्या सीटवर माझे वडील बसले होते. नवा रेझिस्टर ६४०, प्लग २२० आणि मजुरी २५० अशा १,११० रुपयांत काम झाले.

जाब विचारायला गेलो, तर चिठ्ठीवर गॅरेजचे नावच नाही, असे तोंडावर ऐकवण्यात आले. पक्के बिल मागितले नाही ही माझी चूक, पण म्हणून फसवणूक क्षम्य ठरते का? पोलीस चौकीत दीड तास बसवून ठेवल्यावर "हा दिवाणी मामला आहे" असे सांगून मला परत पाठवले. वितळलेला प्लग मी टेबलावर ठेवला, तो कोणी उचलूनही पाहिला नाही. ग्राहकांच्या तक्रारींसाठी असलेल्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तीन वेळा तीच माहिती पुन्हा दिली आणि चोविसाव्या दिवशी "समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही" एवढ्या एका ओळीवर तक्रार बंद झाली. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर माणूस तक्रार करतो! ज्याने उत्तर द्यायचे तो गप्प बसला की सुटतो आणि ज्याचे पैसे गेले त्याने पुरावे गोळा करत हिंडायचे, हा कुठला न्याय?

पैसे रोख देऊ नका. मी ऑनलाइन दिले होते, म्हणून निदान त्या व्यवहाराची नोंद माझ्याकडे आहे. काम चालू असताना गाडीजवळून हलू नका. मी चार तास घरी आलो होतो, आणि तेवढा वेळ त्याला पुरला.

ती तार, वितळलेला प्लग, कच्ची चिठ्ठी आणि दुसऱ्या मेकॅनिकने लिहून दिलेला कागद मी एकत्र ठेवला आहे. सोमवारी ग्राहक आयोगाकडे लेखी तक्रार देणार आहे.