मनगटातल्या नसेसाठी चिनी उपचार: सुई, मालीश, शेक की काढा?

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकला की जरा बरं वाटतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी मात्र ठीक असते. असं असेल तर बहुधा मनगटात मीडियन नस दाबली जातेय, म्हणजे कार्पल टनेल. चिनी वैद्यकात हे दुखणं 'बी' या गटात बसतं: वारा, थंडी, ओल यांनी 'ची' (शरीरात वाहणारी जीवनशक्ती) आणि रक्ताची वाट अडवली. ती मोकळी करण्याचे त्यांचे उपाय अनेक आहेत, पण सगळे सारख्या भरवशाचे नाहीत.

माझा कौल सुईला, म्हणजे ॲक्युपंक्चरला, पण जोडीला रात्री स्प्लिंट (मनगट सरळ ठेवणारा पट्टा) बांधायचा. मनगटाच्या घडीवर मधोमध 'दालिंग' हा बिंदू आणि त्याच्या वर, रुग्णाच्याच अंगठ्याच्या दोन रुंदींवर, 'नेइग्वान'. दोन्हींच्या खाली हीच मीडियन नस आहे, त्यामुळे टोचणारा हात शिकलेलाच हवा. बोटापर्यंत विजेसारखी कळ गेली तर लगेच सांगा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारायला संकोच नको.

सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडतात ते इलेक्ट्रोॲक्युपंक्चर. बॉस्टनच्या ८० रुग्णांच्या चाचणीत (२०१७) खऱ्या आणि खोट्या (तुलनेसाठी केलेल्या नुसत्या देखाव्याच्या), दोन्ही सुयांनी त्रास कमी झाला, पण नसेतून संदेश जाण्याचा वेग खऱ्या सुयांनीच सुधारला. हाँगकाँगमध्ये १८१ रुग्णांची चाचणी झाली. स्प्लिंटच्या जोडीला १३ बैठका घेतलेल्यांना नुसत्या स्प्लिंटपेक्षा फायदा झाला, पण थोडाच. अनेक चाचण्या एकत्र तपासणारा २०१८ चा कॉक्रेन आढावा तर म्हणतो की खोट्या सुईच्या तुलनेत फारसा फरक नसावा. म्हणजे आशा ठेवा, पण पंचवीस बैठकांचे पैसे आधीच भरू नका.

तुइना म्हणजे चिनी मालीश. पोटरीसारखा ताठलेला हाताचा स्नायू, कोपरापासून मनगटापर्यंत, त्याने सैल होतो आणि बरं वाटतं. मनगटाच्या घडीवर जोरात दाबू मात्र देऊ नका, नस तिथेच तर अडकलीय. मोक्साचा शेक जळत्या दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा असतो. ऊब सुखावते, पण बोटं बधिर असताना भाजलेलं कळत नाही. मधुमेह असेल तर मी हा शेक टाळायला सांगेन.

काढा सगळ्यात शेवटी. बधिरपणासाठीचा जुना काढा 'हुआंगछी ग्वेइची वूवू थांग' हा चीनच्या हान राजवटीतल्या चांग चोंगचिंग या वैद्याचा. त्यात आलं आणि बोरंही असतात. पण दुखण्यावरच्या काही चिनी औषधांत बचनागाच्या जातीची मुळं असतात. ती प्रक्रिया करून नीट शुद्ध केलेली नसतील तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेततं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा नकोच.

गरोदरपणात हा त्रास अनेकींना होतो. तेव्हा सुईवाल्याला दिवस गेल्याचं आधी सांगा, कारण अंगठा आणि तर्जनीमधला 'हगू' बिंदू परंपरेनेच तेव्हा वर्ज्य आहे. थायरॉइड आणि साखरही तपासून घ्या, कारण मूळ तिथे असेल तर नुसत्या सुईने भागत नाही.

अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसू लागला, हातातून कप निसटू लागला, शर्टाचं बटण लागेना, तर या चारांपैकी काहीच निवडू नका. नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) करून हाताच्या सर्जनला गाठा. तो स्नायू एकदा वाळला की पुरता भरून येईलच असं नाही.