तिबोटी खंड्यासाठी कोकणातला होमस्टे : नक्की जा, पण त्यांचे नियम पाळणार असाल तरच

होमस्टेचं नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाहीये. दक्षिण रायगडात आहे एवढंच सांगते, कारण घरटी वाटेला लागूनच आहेत आणि लोकेशन एकदा फॉरवर्ड व्हायला लागलं की शनिवार-रविवारी तिथे जत्रा भरते. पक्षी बघणाऱ्या कोणाला विचारलंत तर ओळखीतून नंबर मिळेल.

तिबोटी खंड्या म्हणजे रायगडचा जिल्हा पक्षी, चोचीसकट जेमतेम १३-१४ सेंटीमीटर, वजन साधारण १४ ते २० ग्रॅम. नदीकाठच्या तारेवर बसणारा आपला नेहमीचा खंड्या डोळ्यासमोर आणू नका, हा जंगलातला आहे, दाट सावलीतल्या पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला राहणारा. पोट पिवळं-शेंदरी, पाठ गडद निळी-काळी, डोक्यापासून शेपटीपर्यंत जांभळट झाक, चोच आणि पाय लालभडक, आणि पायाला बोटं तीनच. फोटोत इतके रंग बघून वाटतं की लांबूनही सहज दिसेल, पण प्रत्यक्षात ओल्या पानांच्या अंधारात तो समोर बसलेला असला तरी दिसत नाही. आधी बारीक, तीक्ष्ण शिट्टी ऐकू येते, मग जमिनीलगत काहीतरी सर्रकन जातं आणि संपलं. म्हणून तर अशा ठिकाणी माहितगार माणूस लागतो.

इथले दादा तसे माहितगार आहेत. कुठल्या दरडीत बीळ (म्हणजे ह्याचं घरटं) आहे, पिल्लं किती मोठी झाली असतील, हे सगळं त्यांना माहीत असतं पण बिळाजवळ ते कोणालाही नेत नाहीत, कितीही मोठी लेन्स घेऊन आलात तरी. लपण, म्हणजे लपून पक्षी बघायची जागा, बरंच लांब बांधलंय, हिरवी जाळी आणि वर झावळ्या, आत प्लास्टिकच्या खुर्च्या. फ्लॅश बंद, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, फोटोसाठी बिळासमोर फांदी रोवायची नाही, आमिष म्हणून पाली सोडायच्या नाहीत. मला तर ह्याचेच पैसे द्यावेसे वाटले. दुसऱ्या एका ठिकाणी (नाव नको) बिळापासून हाताच्या अंतरावर काठी रोवून समोर ट्रायपॉडची रांग लावलेली बघितलीये, आणि तो पक्षी चोचीत सापसुरळी धरून मागच्या झाडावर नुसता मान वरखाली करत बसून होता, पिल्लांकडे जायची हिंमतच करत नव्हता. ते बघून पोटात कालवलं होतं.

इथे मात्र तो बिनधास्त येतो. सापसुरळी, छोटे खेकडे, बेडूक, कोळी, नाकतोडे असं काय काय आणतो, फांदीवर दणादण आपटतो, मग भक्ष्याचं डोकं पुढे करून धरतो म्हणजे पिल्लाला गिळायला सोपं, आणि सरळ बिळात. नर-मादी दिसायला सारखेच, बीळ दोघं मिळून खोदतात, अंडी दोघं उबवतात, त्यामुळे आत्ता आलेला बाबा की आई ते आपल्याला कळत नाही. दादांच्या मते एकाची चोच टोकाला जरा काळपट आहे त्यावरून ते ओळखतात. लपणात बसून हे बघताना मी कॅमेरा बाजूलाच ठेवला, इतकं छान वाटत होतं.

राहण्याचं म्हणाल तर खोली साधी, स्वच्छ, पण पावसात कपडे वाळत नाहीत आणि लाइट सारखी जाते, पॉवर बँक न्या. बाथरूम घराबाहेर आहे, वयस्कर माणसं बरोबर असतील तर रात्री त्रास होईल. पैसे नुसत्या खोलीच्या मानाने जास्त वाटतील पण त्यात दादांचं फिरवणं आणि दोन्ही वेळचं जेवण आलं. काकूंच्या हातची भारंगीची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, ह्याबद्दल काही बोलायलाच नको. मासे आधी सांगून ठेवावे लागतात.

बुकिंगला मात्र वैताग आहे, फोन लागत नाही, मेसेजला उत्तर दोन दिवसांनी येतं. आणि जूनमध्ये घाई करून जाऊ नका, पाऊस सुरू झाला की पक्षी येतात पण तेव्हा बिळं खोदायचं काम चालू असतं आणि त्या वेळी दादा लपण बंदच ठेवतात. जुलैचा शेवट ते ऑगस्ट बेस्ट. पावसाळा सरला की हे पक्षी दक्षिणेकडे निघून जातात, मग दिवाळीत गेलात तर जेवण मिळेल, खंड्या नाही. रेनकोट गडद रंगाचा घ्या, पिवळा-केशरी चालत नाही, आणि लहान मुलांना तासभर गप्प बसणं जमणार असेल तरच लपणात न्या, नाहीतर त्यांना काकूंकडे ठेवता येतं, त्या आनंदाने सांभाळतात.