जॉगिंगची तीनचाकी बाबागाडी: आठ महिने वापरून झाल्यावर (हवेबद्दल जरूर वाचा)

आज रविवारी सकाळी पावणेसातला नळ स्टॉपच्या दुमजली पुलाखाली गाडीचं पुढचं चाक बसलं. लेक आत गाढ झोपलेली, मी घामाने निथळलेली आणि घर दोन किलोमीटर लांब. दांडा खाली दाबून पुढचं चाक अधांतरी धरायचं आणि मागच्या दोन चाकांवर गाडी रेटायची, असं करत कोथरूडला पोचले. दंड भरून आले, उजवं मनगट तर नुसतं ठणकत होतं. आठ महिन्यांतलं हे तिसरं पंक्चर, आणि तिन्ही वेळा पुढचंच चाक. त्यामुळे आज राग आहे, हे आधीच सांगते.

गाडीची रचना थोडक्यात सांगते. पुढे १२ इंची चाक, मागे १६ इंची दोन, तिन्ही हवेची. पुढचं चाक लॉक करता येतं, दांड्याला हाताचा ब्रेक आहे, मनगटात अडकवायचा पट्टा आहे. नवी २४ हजारांची होती. परदेशी निघालेल्या बाणेरच्या एका कुटुंबाकडून मी ती साडेआठ हजारांत घेतली. घासाघीस करून नऊचे साडेआठ केले होते आणि तेव्हा फार बरं वाटलं होतं.

का घेतली, ते सांगते. गरोदर राहण्याआधी मी आठवड्यातून तीनदा पळायचे, रविवारी टेकडी. बाळंतपण नॉर्मल झालं, टाके होते. सव्वा महिना माहेरी शेक, मालिश, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, पोटाला घट्ट बांधलेलं सुती पातळ, सगळं यथासांग झालं. आई रोज म्हणायची, "अगं, कंबर भरून येऊ दे, घाई कसली?" मला घाई होती. लेक तीन महिन्यांची झाल्यावर एका संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पळून पाहिलं. दुसऱ्याच फेरीत लघवीचे थेंब गेले. थांबले, वर आले आणि बाथरूममध्ये रडले. ही गोष्ट बायका एकमेकींना सांगत नाहीत म्हणून इथे स्पष्ट लिहिते आहे. हे अनेकींना होतं, त्यावर उपाय आहे, आणि "आता हे असंच चालायचं" म्हणून गप्प बसायचं काही कारण नाही.

फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी पोटाच्या मधल्या रेषेवर बोटं ठेवून पाहिलं. दोन्ही बाजूंच्या स्नायूंमध्ये अडीच बोटांचं अंतर होतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कसे आवळायचे आणि कसे पूर्ण सैल सोडायचे, ते शिकवलं. रोज तीन वेळा, दर वेळी किमान आठदा. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतर पळण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही त्यांनी समजावल्या. पहिले तीन महिने पळायचं नाही. पुढे तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरू करता येईल, पण तेही अंग तयार असेल तरच. तयार आहे हे ओळखायचं कसं? अर्धा तास चालून त्रास होत नाही, एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं, जागच्या जागी मिनिटभर पळता येतं, एकेका पायावर दहा उड्या मारता येतात, आणि हे करताना दुखत नाही, ओटीपोटात जडपणा येत नाही, थेंब जात नाही. माझी उड्यांपाशी गाडी अडायची.

तर आधी चालायचं. पण लेकीला ठेवायचं कुणाकडे? नवरा सकाळी सातला हिंजवडीला निघतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांच्याकडे रोज तासभर सहा किलोंचं बाळ सोपवणं मला बरोबर वाटेना. जवळच्या जिमची वर्षाची फी १८ हजार, आणि तिथेही बाळाचा प्रश्न उरतोच. या हिशेबातून ही गाडी आली.

आल्यावर माहितीपत्रक वाचलं: सहा महिन्यांखालच्या बाळाला बसवू नये. मान आणि पाठ धरल्याशिवाय नको, असं बालरोगतज्ज्ञांनीही सांगितलं, आणि बाळ आत असताना पळणं त्याच्याही नंतर. लेक तेव्हा चार महिन्यांची. म्हणजे दोन महिने गाडी पॅसेजमध्ये उभी. घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं. ते दोन महिने मी एकटी गच्चीवर चालले आणि व्यायाम केले, ते वाया गेले नाहीत.

लेक सहा महिन्यांची झाल्यावर सुरुवात केली. पहिल्या दिवशी फक्त बारा मिनिटं, मयूर कॉलनीपर्यंत. गाडी हलकी पळते, एका बोटाने वळते, खड्ड्यांवरून गेली तरी आत धक्का जाणवत नाही. लेक पाचव्या मिनिटाला झोपली. घरात दीड तास खांद्यावर थोपटल्याशिवाय न झोपणारं बाळ! त्या दिवशी मला गाडीचे साडेआठ हजार वसूल झाल्यासारखे वाटले.

पुण्याच्या फुटपाथांबद्दल नव्याने काय सांगू? दुचाक्या चढू नयेत म्हणून जे खांब रोवलेत, त्यांतल्या काहींमधून ही गाडी जात नाही. बागांची फिरती लोखंडी फाटकं तर अशक्यच, शेजारचं मोठं फाटक उघडून द्या म्हणून रखवालदाराला विनवावं लागतं. टेकडी विसरा. मला सापडलेली सर्वांत चांगली सोय म्हणजे मेट्रो. आयडियल कॉलनीला लिफ्टने वर, छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला लिफ्टने खाली, आणि जवळच जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ. रविवारी सकाळी साडेसहाला बालगंधर्वपासून डेक्कनपर्यंत जाऊन परत यायचं. शहर इतकं मोकळं मला बाळंतपणानंतर पहिल्यांदा तेव्हा दिसलं.

आता व्हॉल्व्ह.

या गाडीच्या टायरचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा आहे, आपल्या साध्या सायकलसारखा नाही. म्हणजे घरातला जुना सायकलचा पंप चालत नाही, पेट्रोल पंपावरची हवा चालते. ऐकायला बरं वाटतं. पण पुढचं चाक १२ इंची. व्हॉल्व्ह सरळ आणि आखूड, तोंड थेट चाकाच्या मधल्या भागाकडे. पेट्रोल पंपाच्या नळीचं तोंड लांब, ते स्पोकमधून आत जातच नाही. तिरकं घातलं की बसत नाही, आणि नुसतं टेकवलं की उलट आहे ती हवा सुटते. कर्वे रोडच्या पेट्रोल पंपावर मी वीस मिनिटं त्या मुलाबरोबर झटापट केली. मागे रिक्षांची रांग. शेवटी तो म्हणाला, "ताई, हे नाही भरायचं." ज्याने ही गाडी आखली त्याने स्वतः एकदाही त्या चाकात हवा भरून पाहिलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. २४ हजारांच्या गाडीने दोन इंचांच्या नळीपुढे मात खावी?

पहिलं पंक्चर वापराच्या दुसऱ्या महिन्यात, बाभळीचा काटा. ते समजू शकते. दुसरं चौथ्या महिन्यात, तेव्हा कंपनीला फोन केला. ट्यूब सुटी मिळत नाही, पूर्ण चाक घ्या, २,६५० रुपये, तीन आठवडे लागतील. मी म्हटलं, अहो, नुसती ट्यूब गेली आहे. उत्तर तेच. गाडी डावीकडे ओढते, हीही तक्रार केली. दांड्याखालची गोल चकती फिरवून पुढचं चाक सरळ करा म्हणाले. फिरवून फिरवून थकले. चार वेळा फोन, दर वेळी नवा माणूस, दर वेळी गाडीचा नंबर पहिल्यापासून सांगायचा. शेवटच्याने सांगितलं की तुम्ही दुसऱ्या मालक, तुमची तक्रार नोंदवताच येत नाही. हे पहिल्या फोनला सांगितलं असतं तर माझे दोन तास वाचले असते.

डावीकडे ओढण्याचा त्रास साधा नाही. गाडी सरळ ठेवायला उजव्या हाताने सतत दाब द्यावा लागतो. पाचव्या महिन्यापासून माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. बाटलीचं झाकण उघडवेना. फिजिओ म्हणाल्या, अंगठ्याकडच्या कंडरेला सूज आहे. बाळाला काखेत हात घालून सारखं उचलणाऱ्या आयांना हे होतंच, त्यात तुमचं हे ढकलणं. मनगटाला बांधायचा आधारपट्टा दिला. ढकलणं कमी करा म्हणाल्या. मी कमी केलं नाही, कारण दिवसातली तेवढीच चाळीस मिनिटं माझी होती.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. शेवटी "घेऊ नका" असं लिहून पाठवणार होते. आज मंगळवार. काल चाक घेऊन सायकलच्या दुकानात गेले आणि माझं मत बदललं, म्हणून पुढचं लिहिते. वरचं खोडत नाही.

काकांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे दोन जागांतून, शेजारी शेजारी, बोटभर अंतरावर. म्हणाले, "काटा नाही हा. टायरात हवाच नव्हती. फुटपाथच्या कडेवर आपटलं की ट्यूब रिमखाली चिमटते, दोन्हीकडून कापली जाते." मग तिन्ही चाकं मागवली. मी घरी जाऊन गाडीच घेऊन आले. त्यांनी हवेचा दाब मोजायचा मीटर लावला. टायरवर ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय. मागचं उजवं २५, मागचं डावं १४. मी दर आठवड्याला अंगठ्याने दाबून बघत होते, मला दोन्ही घट्टच लागायची. एका बाजूचं चाक इतकं मऊ असेल तर गाडी त्याच बाजूला ओढणार. तीन महिने मी पुढच्या चाकाची चकती फिरवत राहिले, आणि दोष मागच्या डाव्या चाकातल्या हवेचा होता. कंपनीच्या चार माणसांपैकी एकानेही "हवा किती आहे?" एवढं विचारलं नाही.

लहान मुलांच्या १२ इंची सायकलची ट्यूब या चाकाला बसते, साडेबारा बाय सव्वादोन. "साधा व्हॉल्व्ह का मोटरसायकलचा?" एवढंच काकांनी विचारलं. १३० रुपये. वर काकांनीच स्कूटरला लावतात तसा काटकोनात वाकलेला जोड काढला, व्हॉल्व्हवर फिरवून बसवला, ६० रुपये. त्याचं तोंड बाजूला येतं. पेट्रोल पंपाची नळी एका झटक्यात बसली. १९० रुपयांत काम झालं, जिथे २,६५० मागितले होते.

आज सकाळी तिन्ही चाकं ३० वर ठेवून चाळीस मिनिटं फिरवली. सपाट रस्त्यावर हात सोडून दहा पावलं पाहिली (गाडीचा पट्टा मनगटात होताच), गाडी सरळ गेली. मनगट एका दिवसात बरं होणार नाही, आधारपट्टा अजून आहे. पण आज उजव्या हाताला दाब द्यावाच लागला नाही.

पळण्याबद्दल थोडक्यात. वापराच्या तिसऱ्या महिन्यात, लेक साडेआठ महिन्यांची असताना, दहा उड्या कोरड्या झाल्या. मग फिजिओंना आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून सुरू केलं: एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. पळताना पुढचं चाक लॉक केलंच पाहिजे, नाहीतर वेगात ते थरथरतं आणि गाडी कलंडू शकते. उतारावर हाताचा ब्रेक. गाडीवर रेलून पळू नका, पोट आणि पाठ सैल पडतात, मी महिनाभर तेच करत होते. सलग वीस मिनिटं पळायला मला चार महिने लागले. मधे सर्दी-खोकल्यात पुन्हा थेंब गेले तेव्हा दोन आठवडे मागे येऊन नुसती चालले. आता लेक चौदा महिन्यांची आहे आणि मी तीन किलोमीटर पळते.

ज्यांच्याकडे बाळ सोपवायला हक्काचं माणूस आहे त्यांनी घेऊ नका, एकट्याने चाला, ते जास्त चांगलं. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी जुनी घ्या. घेताना मीटर सोबत न्या, तो दोन-तीनशेला मिळतो. तिन्ही टायर मोजा आणि मगच भाव करा. वाकडा जोड पहिल्याच दिवशी लावा. सोसायटीतल्या एकीचं बाळ पुढच्या महिन्यात सहा महिन्यांचं होतंय, शनिवारी ती गाडी चालवून बघायला येणार आहे. शुक्रवारी संध्याकाळी हवा भरून ठेवते.