हट बे, लिटल अंदमान: जायचं असेल तर आधी जहाजाचं बघा

अंदमानला आपली मंडळी जातात ती सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील एवढं करून परत येतात आणि त्यात वाईट काहीच नाही, पण आम्हाला यावेळी गर्दी नको होती म्हणून मी आणि माझी मामेबहीण लिटल अंदमानला गेलो. जायच्या आधी शोधाशोध केली तर फोटो ढिगाने मिळाले, पण राहायचं कुठे, खायचं काय, पैसे कुठून काढायचे, आजारी पडलो तर काय, हे कोणी नीट लिहिलेलंच नव्हतं. म्हणून हा रिव्ह्यू. थोडा लांब झालाय, चालवून घ्या.

आधीच सांगते, इथल्या सगळ्या सोयी एका जहाजावर अवलंबून आहेत. खोली मिळणार का, ताटात भाजी येणार का, तुमची सुट्टी चार दिवसांची होणार की सहा, सगळं तेच ठरवतं. हे डोक्यात ठेवून गेलात तर बेट आवडेल, नाहीतर रोज चिडचिड होईल.

पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, पण जेटीवर रिक्षावाल्यापासून हमालापर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. तिथून हट बे, म्हणजे लिटल अंदमानचं बंदर, साधारण १२० किलोमीटर दक्षिणेला. हॅवलॉकला जशा एसी खाजगी फेऱ्या दिवसभर धावतात तसं इकडे समजू नका, इथे सरकारी जहाजाचाच खरा आधार, बऱ्याचदा रात्रीचं, आणि हवा बरी असेल तर सकाळी पोचवतं. तिकिटं काही दिवस आधीच सुटतात, महिनाभर आधी बुक करून निवांत बसू असं होत नाही. शिवाय बेटावरच्या लोकांना भाडंही कमी आणि प्राधान्यही, ज्याचा काही टुरिस्ट लोकांना फार राग येतो असं लाइनीत उभं असताना ऐकलं. अहो, त्यांना दवाखान्याला, कोर्टाला, पोरांच्या परीक्षेला जायचं असतं, आपण फिरायला चाललोय! ओळखपत्राची ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही ठेवा आणि तिकीट मिळालं की त्याच दिवशी परतीचं विचारून टाका.

बंक क्लासने गेलो. रेक्झिनचा बाक, डोक्यावर पंखा, आजूबाजूला कुटुंबंच्या कुटुंबं, कोंबडीची पिल्लं खोक्यात, एक काकू तर शिलाई मशीन घेऊन निघालेल्या. झोप लागते, खरंच लागते. चहा, बिस्किट, साधं जेवण मिळतं पण आपला डबा असलेला बरा. बाथरूमला रात्री झोपायच्या आधी जाऊन या, पहाटेपर्यंत ती जायच्या लायकीची राहत नाहीत, यात जहाजापेक्षा प्रवाशांचीच कर्तबगारी जास्त. आणि ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग होत नाही, कारण मोकळ्या समुद्रात जहाज चांगलं डोलतं. माझी बहीण डेकवर रेलिंगला धरून बसली होती अर्धी रात्र, मी मस्त घोरत होते असं तिचं म्हणणं.

हेलिकॉप्टरही आहे, पण सीट मोजक्या, सामान अगदी थोडंच नेता येतं आणि पेशंट आला की तो आधी. ते बरोबरच आहे. त्याच्या भरवशावर प्लॅन करू नका एवढंच.

आता बेट. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १८,८२३ होती, आणि वस्ती मुख्यतः पूर्व किनाऱ्याच्या एका रस्त्यालगत, हट बेच्या जेटीपासून उत्तरेकडे. गंमत म्हणजे गावांची नावं पाटीवर नेताजीनगर, रामकृष्णपूर, विवेकानंदपूर अशी भारदस्त, पण बोलताना लोक जेटीपासूनचा किलोमीटरचा आकडाच सांगतात. ‘ग्यारह किलोमीटर में उतरना’ म्हणजे तेवढंच अंतर चालायला सांगतायत असं समजून बहीण पहिल्यांदा हबकलीच. एकदा कळलं की फार सोपं, पत्ता शोधायची भानगडच नाही. बोलायला हिंदी सगळ्यांना येते, घरात कोण बंगाली, कोण तमिळ, कोण तेलुगू, कोण निकोबारी, कोण रांचीकडचे.

फिरायला बस आहे आणि शेअर रिक्षाही मिळते. स्वस्त, लोक बोलके, पण संध्याकाळी लवकर आटपतं सगळं, कारण घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य पूर्वेचा आहे, डिसेंबरात पाचच्या सुमाराला अंधारून येतं. पहाटे साडेपाचला उजेड असतो, तेव्हा दिवस तिकडून सुरू करा, साडेनऊला आरामात नाश्ता करून निघणाऱ्यांचा अर्धा दिवस फुकट. आम्ही स्कूटर भाड्याने घेतली. जिच्याकडून घेतली त्या ठिकाणाचं नाव लिहीत नाही, पण मागचा ब्रेक शोभेपुरता होता आणि आरसा एकच. पुढच्या दिवशी दुसऱ्याकडून घेतली, ती उत्तम. तेव्हा घेतानाच एक चक्कर मारून बघा, हेल्मेट मागून घ्या, टाकी तिथेच भरा.

राहायला हट बे बाजारात साधे लॉज, पुढे बीचकडे झोपड्या-कॉटेज टाइप जागा, आणि सरकारी गेस्ट हाउस, ज्यात ड्युटीवर आलेले अधिकारी असले की आपल्याला जागा नाही. पहिली रात्र बाजारातल्या एका लॉजमध्ये काढली, तिथे चादरीला ओलसर वास आणि नळाला सकाळी पाणी नाही, विचारलं तर ‘आएगा’ एवढंच उत्तर. मग बीचजवळच्या बांबूच्या खोलीत गेलो, एका बंगाली कुटुंबाची जागा. ते दादा आम्हाला दीदी म्हणायचे, त्यांच्या आई सरळ ‘माँ’ म्हणून हाक मारायच्या आणि जेवलीस का हे तीनदा विचारायच्या. खोलीत काय होतं? पलंग, मच्छरदाणी, पंखा, बाहेर बाथरूम, बादली. गरम पाणी सांगितलं तर चुलीवर तापवून देतात. बेटावर वीज डिझेलवर चालणाऱ्या जनरेटरची, त्यामुळे लाइट जाते, आणि गेली की पंखा बंद आणि मच्छर चालू. मच्छरदाणीला भोक आहे का हे खोली घ्यायच्या आधी बघा, एसी आहे का ते नंतर विचारा. फाइव्ह स्टार रिसॉर्ट वगैरे शोधत असाल तर हॅवलॉकलाच जा, तिथे छान आहेत.

जेवणाला मी पूर्ण मार्क देईन, पण मासे खात असाल तर. सकाळी बाजारात आलेला मासा दुपारी ताटात, मोहरीची झणझणीत करी, भात भरपूर, डाळ पातळ पण चवीची. नाश्त्याला पुरी-भाजी, पराठा, इडलीसुद्धा मिळते. शाकाहारी लोकांची मात्र परीक्षा आहे. नारळ, केळी, पपई, काही पालेभाज्या इथल्या, पण कांदा-बटाटा-टोमॅटो आणि बाकी बरंच सामान येतं ते जहाजाने. जहाज आलं की बाजारात जत्रा, आणि हवा बिघडून दोन-तीन दिवस नाही आलं की सगळीकडे एकच भाजी, भोपळा. मालकीणबाईंनी तर सरळ सांगितलं, ‘जहाज आने दो, फिर गोभी खिलाऊँगी.’ आली पण, खाल्ली पण. आपल्याकडची चटणी, थोडं लोणचं आणि चिवडा बरोबर नेलात तर स्वतःलाच धन्यवाद द्याल.

पैसे आणि फोन. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली इंटरनेट केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, साधारण २,३०० किलोमीटरची, आणि ती लिटल अंदमानलाही येते. तेव्हापासून हट बे बाजारात यूपीआय चालतं, व्हिडिओ कॉल पण लागतो. बाजार सोडून पुढे गेलं की मात्र फोनला कधी दांड्या असतात कधी नसतात, आणि चहावाल्याचा क्यूआर कोड नुसता बघत उभं राहावं लागतं. एटीएम आहे पण त्यात पैसे असतील याची गॅरंटी कोण देणार? रोख पोर्ट ब्लेअरहून, सुट्टे धरून. ऑफिसचं काम तिथून करू असं ठरवून जाऊ नका, बॉसला आधीच सांगा.

बटलर बे बीच जेटीपासून साधारण १४ किलोमीटर, आणि इथे माझे शब्द संपतात, लांबलचक, पांढरा, जवळजवळ रिकामा. लाटा मोठ्या असतात, सर्फिंगवाल्यांना हे बेट बऱ्याच आधीपासून माहीत होतं आणि २०२५ मध्ये तर इथे राष्ट्रीय सर्फिंग स्पर्धा झाली. पण सोयी म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा लाइफगार्ड कुठे दिसला नाही, कपडे बदलायला नीट जागा नाही. पोहता येतं म्हणून आत शिरू नका, ओढ जबरदस्त आहे, आणि खाडीच्या तोंडाशी तर पायसुद्धा बुडवू नका कारण अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्या पाट्या सजावटीसाठी लावलेल्या नाहीत. कुठे उतरायचं हे गावातल्याच कोणालातरी विचारा, ते बरोबर सांगतात. दुसरं म्हणजे वाळूतल्या बारीक माश्या, सँडफ्लाय. दिसत नाहीत, चावतात तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायभर फोड आणि खाज, बहिणीचे पाय बघून मालकीणबाई हळहळल्या. खोबरेल तेल भरपूर चोपडून बसा, ओल्या वाळूवर लोळत फोटो काढू नका.

व्हाइट सर्फ धबधबा जवळचा, सोपा, पावसाळ्यानंतर पाणी चांगलं. व्हिस्पर वेव्ह जंगलात आत, चालत जावं लागतं, गावातला माणूस बरोबर घेऊनच जा.

दवाखाना हट बेला आहे, साध्या ताप-जखमेला पुरतो. पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत हॉस्पिटल, म्हणजे पुन्हा जहाज नाहीतर हेलिकॉप्टर. बीपी-शुगरच्या गोळ्या दुप्पट न्या. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते आवर्जून सांगा, म्हणजे ते मलेरियाची टेस्ट करतील. अगदी वयस्कर किंवा नाजूक तब्येतीच्या माणसाला मी तरी नेणार नाही.

आणि एक गोष्ट जी सोय म्हणून मिळायलाच नको. ओंगी म्हणजे या बेटावरचे मूळ आदिवासी, त्यांचा डुगाँग क्रीकचा भाग राखीव आहे, १९५६ च्या कायद्याने तिथे परवानगीशिवाय जायला बंदी आहे. ओंगी आता शंभर-सव्वाशेच्या आसपास उरलेत. तरी लॉजवर एक ग्रुप विचारत होता, ‘जरा लांबून दाखवता येतील का’. माणसं आहेत ती! रिक्षावाल्याने सरळ नाही म्हटलं, त्याला माझ्याकडून पाच स्टार. २००४ च्या सुनामीत हट बेची पार वाताहत झाली होती तेव्हा ओंगी उंचावर जाऊन वाचले असं इथले लोक अजून सांगतात.

मध्ये २०२१ च्या सुमाराला नीती आयोगाचा एक आराखडा बातम्यांत होता, या बेटावर मोठं शहर, विमानतळ वगैरे. वनखात्याच्या माणसांनीच त्यावर हरकती घेतल्या होत्या. मला विचाराल तर शहर राहू दे, बीचवर दोन बाथरूम आणि जेटीवर जहाजाच्या वेळेचा नीट दिसणारा बोर्ड लावा, आमचं भागेल.

जायला जानेवारी ते एप्रिल बरा. मेपासून पावसाळा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळांचा हंगाम, म्हणजे जहाज रद्द व्हायची शक्यता जास्त. परतीच्या जहाजाचं ऐका: हट बेहून आल्या-आल्या त्याच दिवशी पोर्ट ब्लेअरहून विमान असं अजिबात बुक करू नका, मध्ये किमान दोन दिवस ठेवा. आमच्या जहाजाची वेळ हवेमुळे पुढे गेली आणि जेटीवर एक पुण्याचं जोडपं एअरलाइनला फोन लावत होतं, तेही रेंज नसलेल्या कोपऱ्यात. रेंज हवी असेल तर जेटीवरून बाजारात या.