खाऱ्या टाकीतलं मॅग्नेट: इपॉक्सी, पीव्हीसीची टोपी की फेराइट?

मागच्या वर्षी माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातल्या, म्हणजे समुद्री जीवांच्या काचेच्या टाकीतल्या, गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. पाणी तपासलं, खारेपणा १.०२५, बाकी सगळं जागच्या जागी. कोरल (प्रवाळ) ठेवायची जाळी काचेला मॅग्नेटच्या जोडीने धरलेली असते, एक मॅग्नेट पाण्यात, दुसरं काचेबाहेर. चौथ्या दिवशी ती जाळी उचलली, तर तिच्या मॅग्नेटवरचं काळं रबरी वेष्टण टम्म फुगलेलं. ब्लेडने कापलं, आत ओला तपकिरी भुगा आणि चकचकीत पापुद्रे.

निओडिमियम मॅग्नेटमध्ये खरं तर लोखंडच जास्त असतं. वर निकेल, मध्ये तांबं, खाली पुन्हा निकेल, असा मुलामा. सगळा मिळून काही मायक्रॉनचा. एक चरा पडला की खारं पाणी आत शिरतं आणि मॅग्नेट गंजून फुगतं. मुलाम्यातलं तांबं गोगलगाय, कोळंबी आणि कोरलला अगदी थोडं असलं तरी बाधतं. माझा संशय त्याच्यावरच आहे. तेव्हापासून कुठलाही उपाय निवडताना मी आधी एक गोष्ट बघतो: हा फसला तर मला दिसेल का?

काळं रबर, श्रिंक ट्यूब, नेलपॉलिश, ग्लू गन हे सगळं मी या एका प्रश्नावर बाद केलं. सिलिकॉनही बाद, पण वेगळ्या कारणाने. काच चिकटवायला ते उत्तम, पण त्यातून पाण्याची वाफ हळूहळू आत जाते आणि आंबट वासाच्या सिलिकॉनमधलं आम्ल धातूला चांगलं नाही.

पारदर्शक इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणाऱ्या राळेचा, थर स्वस्त पडतो आणि गंज लगेच दिसतो. पण पातळ इपॉक्सी धारदार कडेवरून ओघळतं, म्हणजे जिथे जाड थर हवा तिथेच तो पातळ होतो. मॅग्नेट थिनरने पुसून दोन-तीन हात द्यावे लागतात. कडा घासून गोल करायच्या भानगडीत पडू नका. मुलामा जातो आणि तो भुसा पेटही घेऊ शकतो. काच पुसायच्या मॅग्नेटला नुसता थर पुरत नाही. वाळूचा एक कण मध्ये अडकला की थराला आणि काचेला, दोघांनाही ओरखडा.

जाळी लावायला मी पीव्हीसीची टोपी वापरतो. जळगावात पाइपाच्या सामानाला तोटा नाही. सपाट तळाची एंड कॅप घ्यायची. पितळी आटे असलेली नको, पितळेत तांबं असतं. आतून सँडपेपर मारायचा, तळाला इपॉक्सीचा थेंब, त्यावर मॅग्नेट, मग टोपी काठोकाठ भरायची. भरताना टोपी लोखंडी तव्यावर ठेवा, मॅग्नेट तळाशी घट्ट बसतं. (तवा जुना घ्या. मला हे घरात ऐकून घ्यावं लागलं.) तळाची बाजू काचेकडे, इपॉक्सीची बाजू पाण्याकडे, म्हणजे गंज आला की डाग दिसतो. दोन टोप्या एकमेकींपासून लांब सुकवा, नाहीतर मॅग्नेट एकमेकांकडे धावतात. बोटं मध्ये सापडली तर रक्त येतं आणि पोरांच्या हाती ही मॅग्नेटं अजिबात लागू नयेत.

तोटा एकच, पण मोठा: पकड. अंतर वाढलं की ओढ झपाट्याने कमी होते. टोपीचा तळ दोन-तीन मिलिमीटर, त्यात काच १० मिलिमीटर असेल तर जड जाळी घसरते. ६ मिलिमीटरच्या काचेवर छान चालतं.

फेराइट, म्हणजे जुन्या स्पीकरमागचं काळं चुंबक, मुळात ऑक्साइडच असल्याने गंजत नाही. पण त्याची ताकद निओडिमियमच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. लहान टाकीत, पातळ काचेवर थर्मामीटर धरायला पुरे.

काच पुसायला मात्र तयार, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं क्लीनर घ्या आणि काम झालं की पाण्याबाहेर काढून ठेवा. त्याचीही शिवण उकलते. दर महिन्याला कडेवरून नख फिरवून बघा.

घरी केलेलं काहीही थेट टाकीत टाकू नका. इपॉक्सी आठवडाभर पक्कं होऊ द्या, मग पाणी बदलताना निघालेलं खारं पाणी बरणीत भरून त्यात महिनाभर बुडवून ठेवा. माझ्या खिडकीत सध्या अशा दोन बरण्या आहेत. एकीच्या तळाशी कालपासून चहाच्या रंगाची रेघ दिसतेय. ती टोपी मी मे महिन्यात भर दुपारी भरली होती. इपॉक्सी हातातच घट्ट होत होतं आणि मी तसंच कोंबलं.