अर्ज की हत्यार? सातारच्या गादीसाठीचे दोन मार्ग

१८३९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून बनारसला धाडलं. पुढे १८४८ मध्ये त्यांच्या जागी गादीवर आलेले धाकटे बंधू शहाजी महाराज वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकवारस नामंजूर करून राज्यच खालसा केलं.

पहिला मार्ग अर्जांचा. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० च्या सुमारास लंडनला गेले आणि जवळपास चौदा वर्षं तिथे राहिले. कंपनीच्या भागधारकांसमोर भाषणं, निवेदनं, पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटी. काही इंग्रजांनी सातारची बाजू उघडपणे मांडली, पण गादी काही परत मिळाली नाही. ज्यांच्यासाठी झगडा चालला होता, ते प्रतापसिंह महाराज १८४७ मध्ये बनारसलाच वारले.

दुसरा मार्ग हत्यारांचा, आणि माणूस तोच! परतल्यावर रंगो बापूजींनी माणसं जमवायला सुरुवात केली. १८५७ मध्ये उठावाआधीच कट फुटला. सप्टेंबरात साताऱ्यातल्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला: कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. फाशी गेलेल्यांत रंगोबांचा मुलगा सीताराम होता. ते स्वतः निसटले, पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

अर्जांना वर्षं लागली, पण सातारची बाजू कागदावर कायमची नोंदली गेली. कटाची किंमत मात्र घराघरांनी मोजली. माझ्या मते दोन्ही एकाच निष्ठेची रूपं आहेत. लंडनची दारं बंद झाली नसती, तर गेंडामाळ घडलाच नसता.